'संस्कार' आणि 'संखार' : एका शब्दाचे अनेक अर्थ

एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात अनित्यतेची गाथा म्हणून झाल्यावर मी तिचा अर्थ सांगत होतो. "सर्व संस्कार अनित्य आहेत" असे वाक्य मी रूढ भाषांतराप्रमाणे उच्चारले. कार्यक्रम संपल्यावर घरातील वृद्ध बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्या ह्यांनी पोरांवर एवढे चांगले संस्कार केले, ते पण अनित्यच म्हणायचे का?" त्या क्षणी मला नीट उत्तर देता आले नाही. दोष बाईंच्या समजुतीचा नव्हता. मी वापरलेल्या शब्दाचा होता.

'सम्' हा उपसर्ग आणि 'कृ' हा धातू यांपासून संस्कृतात 'संस्कार' आणि पालीत 'संखार' हे शब्द सिद्ध होतात. एकत्र आणून करणे, घडविणे, सिद्ध करणे हा त्यांचा मूळ भाव होय. मात्र या एका धातूचे पाणी निरनिराळ्या शास्त्रांच्या पाटांतून इतके वेगवेगळे वाहत गेले आहे की, एका शास्त्रातील अर्थ दुसऱ्या शास्त्रात नेल्यास अनर्थ ओढवतो.

आयुर्वेदात संस्कार म्हणजे द्रव्याच्या मूळ गुणांत बदल घडविणारी क्रिया. धान्य धुणे, भिजविणे, शिजविणे, घुसळणे या सर्व क्रिया चरकाच्या दृष्टीने संस्कारच ठरतात. रसशास्त्रात तर पाऱ्याचे अठरा संस्कार सांगितले आहेत. न्याय-वैशेषिकांचा संस्कार आणखी निराळा. ते त्याचे तीन प्रकार मानतात : फेकलेल्या वस्तूतील वेग, अनुभवातून उरणारी व स्मृतीला कारण होणारी भावना, आणि वाकविलेली फांदी सोडताच पूर्ववत् करणारा स्थितिस्थापक. येथे नीती नाही, विधी नाही. केवळ पदार्थाचा एक गुण आहे.

धर्मशास्त्राकडे वळताच या शब्दाला समाजव्यवस्थेचे रूप येते. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतचे विधी म्हणजे संस्कार. सोळा ही संख्या आज रूढ असली तरी गौतम धर्मसूत्रात ती चाळीस आहे. संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे ते हे की, संस्कार कोणावर व्हावेत आणि कोणावर होऊ नयेत याचा निर्णय जन्मावरून होत असे. शूद्र संस्कारास पात्र नाही, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली प्रसिद्ध झालेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात शूद्रांच्या अवनतीचे मूळ उपनयनाच्या नाकारण्यात दाखविले आहे. एक संस्कार नाकारला की विद्या, संपत्ती आणि प्रतिष्ठा यांची दारे कशी बंद होतात, याचे ते विवेचन आहे.

आजच्या मराठीत 'संस्कार' म्हणजे चांगले वळण. हा अर्थ वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु 'सुसंस्कृत घर' आणि 'असंस्कृत वस्ती' हे शब्दप्रयोग कोणाच्या घरासाठी आणि कोणाच्या वस्तीसाठी वापरले गेले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

आता पालीकडे येऊ. 'संस्कृत' या शब्दाचे पाली रूप 'संखत'. त्याचा अर्थ हेतुप्रत्ययांनी घडलेले, म्हणून उत्पन्न होणारे आणि लय पावणारे. त्याच्या उलट 'असंखत', जे कशानेही घडविलेले नाही. हे निब्बाणाचे विशेषण आहे. संयुत्तनिकायात 'असंखत संयुत्त' या नावाचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. संस्कृतात लिहिणारे बौद्ध आचार्य याच अर्थाने 'असंस्कृत' हा शब्द योजतात. मराठीत जी शिवी, ती बौद्ध परिभाषेत परमपदाची खूण!

'संखार' शब्दाचेही तिपिटकात एकाहून अधिक उपयोग आहेत. पाच खंधांपैकी चौथा खंध म्हणजे चेतनाप्रधान मनोव्यापार. अभिधम्माच्या 52 चेतसिकांपैकी वेदना व सञ्ञा वगळून उरलेली 50 या खंधात येतात. प्रतीत्यसमुत्पादात अविद्येपाठोपाठ येणारे संखार म्हणजे कुशल-अकुशल कर्माची घडण. चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना थेरी विशाख उपासकाला तीन संखार समजावून देते : आश्वास-प्रश्वास हा कायसंखार, वितर्क-विचार हा वचीसंखार, सञ्ञा-वेदना हा चित्तसंखार. अंगुत्तरनिकायातील रथकाराच्या कथेत तर 'अभिसंखार' म्हणजे निव्वळ गती. सहा दिवसांत घाईने केलेले चाक दिलेला जोर असेपर्यंत धावले आणि गरगरत आडवे पडले. सहा महिन्यांना सहा दिवस कमी इतका काळ खपून केलेले चाक उभे राहिले. वैशेषिकांच्या 'वेगा'शी असलेले हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु गाथेतील संखार याहून व्यापक आहे. घडलेले जे जे काही, ते सर्व त्यात येते. धम्मपदाच्या मग्गवग्गातील तीन गाथा (277 ते 279) पाहाव्यात. अनित्य आणि दुःख यांविषयीच्या पहिल्या दोन गाथांत 'संखार' शब्द आहे. अनात्म सांगणाऱ्या तिसऱ्या गाथेत मात्र 'धम्म' शब्द येतो. हा बदल सहेतुक आहे. निब्बाण घडलेले नसल्यामुळे ते संखारांत मोडत नाही, म्हणून अनित्यही नाही. पण आत्मा तेथेही नाही. भाषांतरात दोन्ही ठिकाणी एकच शब्द घालणारा हा भेद पुसून टाकतो.

इंग्रजी भाषांतरकारांनी 'कन्फेक्शन्स', 'अॅक्टिव्हिटीज', 'फॉर्मेशन्स' असे अनेक शब्द योजून पाहिले. माझ्या मते मराठीला तितके अवघड जाऊ नये. 'घडणे' आणि 'घडविणे' ही आपली साधी क्रियापदे संखाराच्या दोन्ही बाजू पेलतात : जे घडविते तेही आणि जे घडले तेही. खंधात व निदानात 'मनाची घडण' म्हणावे, गाथेत 'घडलेले सर्व काही' म्हणावे. 'संस्कार' हा शब्द विवाह, नामकरण यांसारख्या विधींपुरता ठेवावा.

पुढे त्या बाईंची पुन्हा भेट झाली तेव्हा मी त्यांना सांगितले की, मुलांना लावलेले वळणही घडविलेलेच असते. म्हणून ते जपले नाही तर मोडते. आणि हाच नियम जातीच्या वळणालाही लागू आहे. उच्चनीचतेची घडण नित्य असती, तर 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला जे झाले ते होऊच शकले नसते. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग हे गाथा म्हणतानाच का नाही सांगत?"

तेव्हापासून गाथेनंतर दोन मिनिटे थांबून मी 'घडलेले' हा शब्द वापरून अर्थ सांगतो. वेळ थोडा अधिक लागतो, परंतु लोक प्रश्न विचारतात.