व्हॉट्सॲपवरचा फोटो मोठा केला की फाटतो का?

इअरफोन नाही, नाहीतर नेट पुरत नाही, अशांसाठी आजचा एपिसोड लिहून टाकतोय. बोललो तसंच लिहिलंय, तेवढं सांभाळून घ्या.

इस्लापूर, किनवट, हिमायतनगर ह्या पट्ट्यातून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. आजोबा गेले, तेराव्याला फ्रेम लावायचीय, फोटो मोबाईलमध्ये आहे, पण फोटोवाला म्हणतो "मोठा केला की फाटायलाय". मोबाईलच्या स्क्रीनवर तर एकदम क्लिअर दिसतो, मग कागदावर काय होतं?

मोबाईलमधला फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. ठिपका म्हणजे पिक्सेल. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ४००० आणि उभे ३००० पिक्सेल असतात, गुणाकार केला की १ कोटी २० लाख. फोटोजवळ एवढीच भांडवल. त्याला इंच कळत नाही, फूट कळत नाही. कागदावर उतरवताना पहिल्यांदा ठरवावं लागतं की एका इंचात किती पिक्सेल बसवायचे. ह्यालाच दुकानात डीपीआय म्हणतात. पुस्तकी शब्द पीपीआय आहे, पण आपण दुकानातलाच वापरू.

चांगल्या प्रिंटला ३०० डीपीआय धरतात. ४००० भागिले ३०० म्हणजे १३ इंच, ३००० भागिले ३०० म्हणजे १० इंच. म्हणजे मूळ फोटो हातात असेल तर १० बाय १३ इंचापर्यंत डोळे झाकून छापा. २०० वर समाधान मानलं तर १५ बाय २० सुद्धा निघतो.

आता हा ३०० आकडा कुठून आला? आपल्या डोळ्यातून. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखते. फोटो हातात धरला, अंतर एक फूट, तर हिशोबाने इंचाला २८६ च्या आसपास ठिपके येतात. त्याहून दाट ठिपके वेगळे दिसतच नाहीत. अंतर वाढलं की गरज कमी होते. चार फुटांवरून ७२ पुरतात, दहा फुटांवरून तर ३० सुद्धा पुष्कळ झाले. म्हणून चौकातला १० बाय ६ फुटांचा वाढदिवसाचा फ्लेक्स १२ मेगापिक्सेलच्या फोटोतून आरामात निघतो. ३० ने मोजा, ३६०० बाय २१६० पिक्सेल लागतात. फ्लेक्सला नाक लावून कोण बघतंय? फ्रेमचं तसं नसतं. तिला हार घालताना, कुंकू लावताना आपण अगदी जवळ जातो. म्हणून फ्रेमसाठी मी १५० च्या खाली जाऊ नका म्हणेन, २०० मिळाले तर उत्तम.

आता व्हॉट्सॲपकडं येऊ. साध्या क्वालिटीत पाठवलेला फोटो मोठ्या बाजूने साधारण १६०० पिक्सेलवर येतो. म्हणजे १६०० बाय १२००. ३०० ने भागलं तर ५ बाय ४ इंच. अल्बममधल्या छोट्या प्रिंटला चालेल. २०० ने ८ बाय ६ पण निघेल, त्याच्यापुढं ओढाताण. २०२३ मध्ये एचडी पाठवायची सोय आली, ती बरी आहे, पण दाबादाबी तीही करतेच. स्क्रीनशॉट तर काढूच नका. १०८० पिक्सेल रुंद स्क्रीनवर आडवा फोटो उघडून स्क्रीनशॉट घेतला तर हातात येतात १०८० बाय ८१०. स्क्रीनवर छान दिसण्याचं कारणही हेच: स्क्रीनची भूकच तेवढी आहे, त्यामुळं फोटो किती उपाशी आहे ते तिथं कळत नाही.

खरा पेच पुढं आहे. आपल्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांचा एकट्याचा फोटो नसतोच. असतो तो लग्नातल्या ग्रुपमध्ये, नाहीतर सहस्रकुंडच्या धबधब्यापुढं सगळ्या घरादारासोबत, मागच्या ओळीत. फोटो ४००० पिक्सेलचा असला तरी त्यात आजोबांचा चेहरा ३०० पिक्सेलचा. तेवढा कापून घेतला तर ३०० डीपीआयला चेहरा एक इंचाचा, १५० ला दोन इंचाचा. ८ बाय १० च्या फ्रेममध्ये चेहरा चार इंच करायचा म्हटलं की ७५ डीपीआय, म्हणजे फाटणारच. इथं उपाय असा की फ्रेम छोटी घ्या, किंवा छातीपर्यंतचा भाग राहू द्या आणि चेहरा दोन-अडीच इंचांचाच ठेवा. भोवती साधा रंग सोडला तर ते उलट शोभून दिसतं.

डिजिटल झूमचंही असंच. साध्या फोनवर दुप्पट झूम केलं की कॅमेरा मधलाच तुकडा कापतो, १२ चे ३ मेगापिक्सेल उरतात. पैनगंगेच्या पलीकडचं, यवतमाळ बाजूचं माणूस झूम करून टिपलं असेल तर त्याच्याकडून मोठ्या प्रिंटची आशा ठेवू नका.

आणि मोबाईलमध्ये काहीच नसेल, फक्त मतदान कार्ड असेल तर? कार्डावरचा फोटो हा शेवटचा पर्याय समजा. आधी घरातली ट्रंक उचका. जुना पासपोर्ट साईझ फोटो सापडला तर सोनं. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा तो तुकडा १२०० डीपीआयवर स्कॅन केला की १६५० बाय २१२५ च्या आसपास पिक्सेल मिळतात. ८ बाय १० ला २०० डीपीआय झाले की! कागदाचा पोत, ओरखडे दिसतील, पण चेहरा त्यांचाच राहील. जुना ४ बाय ६ चा फोटो असेल तर ६०० वर स्कॅन पुरे. काचेच्या फ्रेमवरून मोबाईलने फोटो मारू नका, ट्यूबलाईट चमकते. काच काढा.

"त्यांचाच" म्हणालो त्याला कारण आहे. आजकाल एआयने फोटो क्लिअर करून देणारी ॲप आलीत. ती हरवलेले पिक्सेल शोधून आणत नाहीत, ते कुठं शिल्लकच नसतात. हजारो दुसरे चेहरे शिकून ती अंदाजाने नवे भरतात. डोंगराला, झाडाला चालतं. पण गालावरचा तीळ गायब होतो, डोळे कुणा दुसऱ्याचे बसतात, आणि आजी फ्रेमकडं बघून म्हणते, "हे आमचे नव्हेत." माझं मत विचाराल तर थोडा धूसर, पण खरा चेहरा लावा.

कुणी म्हणेल, फोटोवाल्याने फोटोशॉपमध्ये ७२ चं ३०० करून दिलं. फाईलवर लिहिलेला डीपीआय नुसती चिठ्ठी असते. चिठ्ठी बदलली म्हणून पिक्सेल वाढत नाहीत. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. आयबीपीएसच्या फॉर्मला २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा फोटो लागतो. तीच फाईल नंतर पासपोर्ट फोटो छापायला दिली तर ३०० ला ती पाऊण इंचाचीच निघेल. पासपोर्ट साईझला किमान ४१३ बाय ५३१ लागतात, म्हणून मूळ फाईल वेगळी जपून ठेवा.

अजून एक, डोकं कापलं जायची तक्रार. मोबाईलचा फोटो ४:३, तर ४ बाय ६ चा कागद ३:२. सहा इंच रुंदी भरायची तर उंची साडेचार इंच होते, कागद चारच इंचांचा. अर्धा इंच कुठून तरी जाणार, आणि मशीनला आजोबांचा फेटा काय ठाऊक! कुठून कापायचं ते दुकानात स्वतः सांगा, नाहीतर कडेला पांढरी पट्टी सोडायला लावा.

दुकानात जायच्या आधी फोटो उघडून डिटेल्स बघा, तिथं ४००० × ३००० असं लिहिलेलं असतं. अँड्रॉइडवर फाईलच्या नावात 'डब्ल्यूए' ही इंग्रजी अक्षरं दिसली तर तो फोटो व्हॉट्सॲपमधून आलेला. मग ज्याने काढला त्याला फोन लावा. मामाच्या, दाजींच्या फोनमध्ये मूळ फोटो बहुतेक असतो, फोन फॉरमॅट व्हायच्या आधी विचारा. पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, पिक्सेलला धक्का लागत नाही. समोरासमोर असाल तर क्विक शेअर वापरा, त्याला नेट पण लागत नाही. गुगल फोटोजमध्ये स्टोरेज सेव्हर चालू असेल तरी घाबरू नका, ते १६ मेगापिक्सेलपर्यंतचा आकार तसाच ठेवतं.

फ्रेमसाठी कागद ग्लॉसी घ्यायचा का मॅट, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. वर काच बसणार असेल तर मॅट घ्या.