विश्लेषण : पोरगं गुणी आहे, पण वरच्या गटात खेळवायचं कधी?

२८ एप्रिल २०२५ च्या रात्री जयपूरमध्ये वैभव सूर्यवंशीने गुजरात टायटन्सविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं. वय १४ वर्षं ३२ दिवस. तेव्हापासून नांदेड असो की लातूर, नेटच्या बाहेर दुचाकीवर टेकून उभ्या असलेल्या पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. आमचा तेरा वर्षांचा आहे, सोबतच्या पोरांना जुमानत नाही, मग त्याला १६ वर्षांखालच्या मुलांत का खेळवत नाही? आणि सोळा वर्षांखालच्यांत चमकला तर थेट एकोणीसमध्ये का नको?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात मुलाची पाठ, त्याची दहावी-बारावी आणि घरचं बजेट अडकलेलं असतं.

शिडी नेमकी कशी आहे?

नांदेड आणि लातूरची मुलं महाराष्ट्राच्या संघासाठी पात्र ठरतात. मुंबई आणि विदर्भ वगळून उरलेला राज्याचा भाग पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे आहे. जिल्ह्याच्या संघातून खेळायचं, तिथल्या कामगिरीवर निवड चाचणी आणि शिबिरापर्यंत पोहोचायचं आणि मग राज्याच्या संघात. पुढच्या पायऱ्या बीसीसीआयच्या स्पर्धांच्या आहेत. १६ वर्षांखालील मुलांसाठी विजय मर्चंट ट्रॉफी, १९ वर्षांखालील गटात कूचबिहार आणि विनू मांकड, २३ वर्षांखालील गटात सी. के. नायडू आणि त्यानंतर रणजी.

वय मोजलं जातं १ सप्टेंबरपासून. त्यामुळे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. दोघांमध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे अंतर म्हणजे चार बोटं उंची आणि खांद्यातली ताकद. गटात सगळ्यांत 'गुणी' दिसणारा मुलगा कधी कधी फक्त सगळ्यांत मोठा असतो, आणि वरच्या गटात गेल्यावर त्याचा हा फायदा एका दिवसात संपतो.

मग मुंबईतली मुलं लवकर वर कशी जातात?

कारण तिथे पायऱ्या जास्त आहेत. शाळांसाठी जाइल्स आणि हॅरिस शील्ड, त्यावर क्लब क्रिकेट आणि पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर रंगणारी कांगा लीग. १९४८ पासून चालत आलेल्या या लीगमध्ये 'ए'पासून 'जी'पर्यंत विभाग आहेत. चौदा वर्षांचा मुलगा रविवारी तिशीतल्या गोलंदाजापुढे उभा राहतो, शून्यावर बाद होतो आणि सोमवारी शाळेच्या संघातून पुन्हा खेळतो. या चढ-उताराला कुणी बढती किंवा नामुष्की म्हणत नाही.

सचिन तेंडुलकरचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धंच देतात. १५ वर्षं २३२ दिवसांचा असताना त्याने रणजी पदार्पणात शतक केलं, हे पाठ असतं. त्याच्या आदल्या हंगामात, म्हणजे १९८७-८८ मध्ये, तो मुंबईच्या रणजी संघात निवडला गेला होता आणि एकही सामना न खेळता राखीव म्हणून थांबला होता, हे सांगायचं राहून जातं. शिवाय ज्या शहरात तो थांबला, तिथे त्याला दुसरीकडे खेळायला भरपूर सामने होते.

लातूर-नांदेडमध्ये जिल्ह्याच्या संघानंतरची मोठी पायरी एकदम राज्याची आहे. मध्ये फारसं काही नाही. सराव बहुतेकदा मॅटिंगवर किंवा सिमेंटवर होतो. मॅटवर चेंडू एकसारखा उसळतो, टर्फवर तो कधी थांबून येतो तर कधी खाली राहतो. त्यामुळे इथल्या मुलासाठी 'वरच्या गटात जाणं' म्हणजे खेळपट्टी, शहर आणि प्रतिस्पर्धी हे तिन्ही एकाच वेळी बदलणं. लातूरहून पुणं सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडहून साडेचारशे. रात्रभर गाडीत आणि सकाळी निवड चाचणीला मैदानात.

बेसबॉलवाले हे गणित कसं सोडवतात?

ज्या खेळात या एका प्रश्नावर पूर्णवेळ नोकऱ्या चालतात, तो अमेरिकेचा बेसबॉल. तिथे मेजर लीगच्या ३० संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली धाकटे संघ असतात. २०२१ च्या फेररचनेनंतर अशा संलग्न संघांची संख्या १२० आहे. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या चढत मुलगा वर जातो. कोणत्या पायरीवर किती महिने ठेवायचं, यावर संघ व्यवस्थापन वर्षभर डोकं खपवतं.

तरीही पक्कं सूत्र सापडलेलं नाही. हुआन सोटो २०१८ च्या मोसमाला सिंगल-एमध्ये होता. डबल-एमध्ये जेमतेम आठ सामने खेळला आणि मे महिन्यात, १९ व्या वर्षी, थेट मेजर लीगमध्ये उतरला. तिथून त्याने मागे वळून पाहिलं नाही. माइक ट्राउटही १९ व्या वर्षीच, २०११ मध्ये, वर आला. पण ४० सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी .२२० राहिली, म्हणजे साधारणच. पुढच्या मोसमाची सुरुवात त्याला ट्रिपल-एमध्ये करावी लागली. एप्रिलच्या अखेरीस तो परतला आणि वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

इथे बघण्यासारखी गोष्ट ट्राउटचं अपयश नाही. त्याला परत पाठवायला एक जागा होती, ती महत्त्वाची. खाली रोज सामने होते आणि पगार चालू होता. मराठवाड्यातल्या पोराला राज्याच्या संघातून वगळलं तर तो परत कुठे येतो? जिल्ह्यात, जिथे हंगामात मोजकेच सामने असतात, आणि गल्लीत, जिथे सगळे विचारतात, "काय रे, काढलं का?"

मराठवाड्याने आजवर काय पाहिलं?

जालन्याचा विजय झोल हे सगळ्यांत बोलकं उदाहरण. २०११ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. २०१४ च्या स्पर्धेत तो कर्णधार होता. त्या संघात संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव आणि सर्फराज खान होते. पुढे हे चौघंही भारताकडून खेळले, कर्णधाराला मात्र ती टोपी मिळाली नाही. सर्फराजला कसोटी पदार्पणासाठी फेब्रुवारी २०२४ पर्यंत, म्हणजे दहा वर्षं, थांबावं लागलं.

झोल घाईने वर गेला म्हणून मागे पडला, असं म्हणणं सोपं आहे, पण त्याला आधार नाही. उलट तो १९ वर्षांखालील स्तरावर दोन विश्वचषक खेळला, म्हणजे एका अर्थाने जास्तच काळ तिथे राहिला. बीसीसीआयने २०१६ मध्ये नियम केला की एका खेळाडूने हा विश्वचषक एकदाच खेळायचा. राहुल द्रविड तेव्हा या संघाचे प्रशिक्षक होते, आणि कनिष्ठ क्रिकेट हे मुक्कामाचं ठिकाण नाही, ही त्यांची भूमिका जाहीर होती. जिथे मुलगा सहज धावा करतो तिथे त्याला आणखी दोन वर्षं ठेवणं हाही चुकीचा निर्णय असू शकतो. पालक घाईला घाबरतात, या दुसऱ्या चुकीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आला आणि त्याच महिन्यात चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटीला घेतलं. त्या हंगामात मात्र त्याला एकही सामना मिळाला नाही. समाजमाध्यमांवर ओरड झाली. प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांचं म्हणणं साधारण असं होतं की, कनिष्ठ स्तरावरचं यश पाहून त्याला तसंच मैदानात ढकलायचं नाही, आधी त्याचं कौशल्य वाढवायचं. ३१ मार्च २०२३ ला तो पहिल्यांदा खेळला आणि ३६ धावांत ३ बळी घेतले. पण त्या मोसमात त्याच्या वाट्याला दोनच सामने आले. थांबवणं योग्य होतं, असं मानलं तरी वेगवान गोलंदाज नेटमध्ये किती शिकणार, हा प्रश्न उरतोच.

बीडचा सचिन धस तिसऱ्या वाटेने आला. बीडमध्ये अर्ध्या टर्फवर सराव करत तो वयोगटांतून एकेक पायरी चढला. ६ फेब्रुवारी २०२४ ला बेनोनीत दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात २४५ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ३२ झाली होती. धसने ९५ चेंडूंत ९६ धावा केल्या, उदय सहारनसोबत १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत अंतिम फेरीत गेला.

(जाता जाता : 'काय पो छे' या २०१३ च्या चित्रपटात चेंडू सीमापार भिरकावणारा अली आठवतो? तो अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुख. पडद्यावर फलंदाजीतलं बालआश्चर्य असलेला हा मुलगा खऱ्या आयुष्यात २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या रणजी संघात आला, तो वेगवान गोलंदाजी करणारा अष्टपैलू म्हणून. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलावर मारलेला शिक्का किती टिकतो, याचा अंदाज घ्यावा.)

गोलंदाजाचं गणित वेगळं का?

फलंदाजाला वर पाठवण्यात चूक झाली तर त्याचा आत्मविश्वास डळमळतो. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत चूक झाली तर मणक्याचं हाड चिरतं. वाढत्या वयात कमरेच्या मणक्यांची हाडं पूर्ण टणक झालेली नसतात. चेंडू टाकताना शरीर एकाच वेळी वाकतं आणि पिळतं, तोच ताण हजारो वेळा तिथेच पडतो आणि बारीक फ्रॅक्चर होतं. त्यात सहा-आठ महिने सहज जातात.

म्हणून इंग्लंडच्या मंडळाने मर्यादा घातली आहे. १५ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाने सलग सहापेक्षा जास्त षटकं टाकायची नाहीत आणि दिवसभरात बारापेक्षा जास्त नाहीत. आपल्याकडे जोरात चेंडू टाकणारा मुलगा दिसला की तो सकाळी शाळेकडून, दुपारी क्लबकडून आणि रविवारी टेनिस बॉलच्या बक्षिसी स्पर्धेत खेळतो. तीन ठिकाणची षटकं एका वहीत कुणीच लिहीत नाही. अशा मुलाला वरच्या गटात घालणं म्हणजे चौथं ठिकाण वाढवणं.

घाई नेमकी कुणाला असते?

बेसबॉलमध्ये उलट प्रकार घडतो, तिथे मुद्दाम उशीर केला जातो. खेळाडूचं मेजर लीगमधलं एक वर्ष १७२ दिवसांचं धरतात आणि अशी सहा वर्षं भरली की तो मोकळा होतो. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलपर्यंत खालीच ठेवलं. त्याचे १७१ दिवस भरले. एक दिवस कमी! त्याने दाद मागितली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली.

आपल्याकडे हितसंबंध घाईच्या बाजूने असतात. अकादमीला फलकावर लावायला नाव हवं असतं. जिल्ह्याच्या संघाला यंदाचा सामना जिंकायचा असतो. पालकांपुढे तर घड्याळच लावलेलं असतं. लातूर म्हणजे 'लातूर पॅटर्न', नांदेडमध्येही शिकवण्यांच्या इमारतीच्या इमारती. दहावीनंतर मुलगा नीटच्या बॅचला बसणार की मैदानावर राहणार, हे सोळाव्या वर्षी ठरवावं लागतं. त्याआधी राज्याच्या संघाचा शिक्का मिळाला तर घरात बोलायला तोंड राहतं. म्हणून चौदाव्या वर्षीची घाई ही बऱ्याचदा क्रिकेटची नसते, बारावी सायन्सची असते. आणि वय कमी दाखवण्याचा मोहही इथूनच सुरू होतो. त्यासाठीच बीसीसीआय मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतं.

मग ठरवायचं कसं?

वयावरून ठरवता येत नाही, हे वरच्या उदाहरणांतून दिसतं. धावांच्या आकड्यांवरूनही नाही, कारण कमकुवत गोलंदाजीवर तीनशे धावा झाल्या तरी त्यातून फारसं कळत नाही. उपयोगी पडतो तो एक साधा प्रश्न. वरच्या गटात गेल्यावर मुलगा खरोखर खेळणार आहे का? पंधरा जणांत नाव आणि हंगामभर पाण्याच्या बाटल्या, अशी बढती असेल तर खालच्या गटात दोनशे चेंडू खेळणं बरं. तो बाद कसा होतो, हेही बघायला हवं. वेगळ्या वेगळ्या चेंडूंवर बाद होत असेल तर शिकतोय. एकाच उसळत्या चेंडूवर पाच वेळा बाद होत असेल तर वरच्या गटातला गोलंदाज त्याला दुसरा चेंडू टाकणारच नाही.

वैभवच्या बाबतीतही, राजस्थान रॉयल्सने त्याला पहिले सात सामने बाहेर बसवलं होतं. सॅमसन दुखापतीमुळे बाहेर गेला तेव्हा तो आत आला. त्याआधी तो बिहारकडून रणजी खेळला होता आणि १९ वर्षांखालील भारतीय संघाकडून चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५८ चेंडूंत शतक करून आला होता. म्हणजे त्याच्या पायऱ्या चुकल्या नाहीत, तो त्या वेगाने चढला.

नांदेड-लातूरच्या मुलांना ज्या रणजी संघात जायचं आहे, त्यात २०२५ च्या हंगामात मुंबईहून एक सलामीवीर आला. शाळेत ५४६ धावा, १८ व्या वर्षी कसोटी पदार्पणात शतक आणि २०२४ च्या आयपीएल लिलावात बोली नाही, असा पृथ्वी शॉचा प्रवास. महाराष्ट्राकडून रणजीतल्या पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला. पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध त्याने २२२ धावा केल्या. वय २५. ऋतुराज गायकवाड पहिल्यांदा भारताकडून खेळला तेव्हा २४ वर्षांचा होता. केदार जाधव २९ वर्षांचा.