मान, भीड आणि मर्यादा : सातारा-सांगली परिसरातील काही दाखल्यांच्या आधारे एक संकल्पनाविचार

इंग्रजी कायदेपरिभाषेतील ‘डेफरन्स’ ही संज्ञा मराठीत आणताना सामान्यतः ‘आदर’ हा शब्द योजिला जातो. न्यायालयाने शासनाच्या निर्णयाविषयी आदर बाळगला, असे आपण लिहितो. हे भाषांतर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. आदर ही मनोवृत्ती आहे. या संज्ञेत मात्र एक कृती अभिप्रेत आहे. स्वतःचे मत बाजूला ठेवून दुसऱ्याच्या मताला वा निर्णयाला वाट करून देणे, ही ती कृती होय. मनात आदर नसताना ती घडू शकते, आणि मनात पुष्कळ आदर असूनही माणूस ती नाकारू शकतो. अशी वाट करून देणे विवेकाचे केव्हा ठरते आणि लाचारीचे केव्हा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मराठी शब्दसंपत्ती, न्यायविचार आणि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा इतिहास व साहित्य यांचा आधार घेतला आहे. हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारणही आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

१. शब्दांची व्यवस्था

या एका कृतीच्या निरनिराळ्या छटांसाठी मराठीत अनेक शब्द आहेत. मान, आदर, अदब, भीड, मुलाहिजा, मर्यादा, मुजरा आणि जोहार हे त्यांपैकी प्रमुख होत. ते परस्परांचे पर्याय नव्हेत. मान दिला जातो, राखला जातो आणि गावकीत तो ठरलेलाही असतो. लग्नातील मानपान आणि जत्रेतील मानाची काठी ही त्याची परिचित रूपे आहेत. अदब ही देहबोलीची आणि वाणीची शिस्त आहे. ‘मुलाहिजा’ या अरबी-फारसी परंपरेतून आलेल्या शब्दाच्या मुळाशी पाहणे, लक्षात घेणे हा अर्थ आहे. मराठीत मात्र तो बहुधा नकारार्थी वाक्यातच वावरतो. ‘कोणाचा मुलाहिजा न ठेवता निर्णय दिला’ हे वाक्य आपण स्तुती म्हणूनच उच्चारतो. भीड तर याहूनही बोलका शब्द आहे. भीड पडते, भीड घातली जाते आणि भीड मोडावी लागते. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण संकोचापोटी दिलेला होकार माणसाला कोठे नेतो, ते मोजक्या शब्दांत सांगते.

या सर्वांहून ‘मर्यादा’ हा शब्द वेगळा पडतो. त्याचा मूळ अर्थ सीमा असा आहे. मर्यादा पाळणारा माणूस आपण कोठवर जावे हे जाणतो. सून सासऱ्याची मर्यादा ठेवते, असे म्हणताना हा शब्दही सत्तेच्या बाजूने झुकतो, हे खरे. परंतु मर्यादा राजालाही सांगता येते, तशी भीड सांगता येत नाही. भीड नेहमी खालून वर जाते; मर्यादा दोन्ही बाजूंना लागू होऊ शकते.

व्याकरणाची साक्षही येथे उपयोगी पडते. मराठी माणूस आईला आणि विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो, अधिकाऱ्याला ‘आपण’ म्हणतो. आदरार्थी बहुवचन आणि विश्वास यांचा संबंध अनिवार्य नाही, हे भाषा आपल्याला रोज दाखवीत असते.

२. तत्त्वविचार आणि कायदा

भारतीय न्यायदर्शनाने दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे हे ज्ञानाचे एक प्रमाण मानले आहे. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचा उपदेश. परंतु आप्त कोणाला म्हणावे, याची कसोटीही तेथेच दिली आहे. वस्तूचे यथार्थ ज्ञान असलेला आणि ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छा असलेला तो आप्त. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना समान लागू असल्याचे म्हटले आहे. अधिकार जन्मातून किंवा पदातून येत नसून ज्ञान आणि सचोटी यांतून येतो, असा याचा अर्थ होतो. समाजव्यवहारात ही कसोटी किती पाळली गेली, हा प्रश्न वेगळा; परंतु ती आपल्या परंपरेत उपलब्ध होती, हे नोंदविले पाहिजे.

आधुनिक कायद्यात हाच प्रश्न न्यायालय आणि शासन यांच्या संबंधात उभा राहतो. धोरणाचा वा तांत्रिक ज्ञानाचा प्रश्न असेल तेथे न्यायाधीशाने स्वतःला तज्ज्ञ समजू नये, हा विचार सर्वमान्य आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने टाटा सेल्युलर प्रकरणात १९९४ मध्ये असे सांगितले की, न्यायालय निर्णयाच्या गुणवत्तेवर अपील ऐकत नाही, तो कोणत्या रीतीने घेतला गेला ते तपासते. अमेरिकेत १९८४ च्या शेवरॉन निकालाने, संदिग्ध कायद्याचा शासकीय यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने स्वीकारावा, असा दंडक घातला. तो दंडक २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेच रद्द केला. कायद्याचा अर्थ लावणे हे न्यायाधीशाचे काम त्याने दुसऱ्याच्या हाती देऊ नये, ही त्यामागील भूमिका होती.

या वादातील सर्वांत उपयुक्त भेद डेव्हिड डायझेनहाउस या विधितत्त्वज्ञाने १९९७ मध्ये मांडला आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या बेकर प्रकरणात तो स्वीकारला. एक वाट देणे शरणागतीचे असते आणि एक आस्थेचे. पहिल्यात निर्णय कोणी दिला एवढेच पाहिले जाते. दुसऱ्यात निर्णयामागे दिलेली, किंवा देता येतील अशी, कारणे लक्षपूर्वक ऐकली जातात. मराठीतील भीड आणि मर्यादा यांच्यातील अंतर जवळपास हेच आहे. कारण विचारण्याचा आणि कारण न पटल्यास दिलेली वाट परत घेण्याचा अधिकार शिल्लक राहतो की नाही, यावर सर्व काही अवलंबून असते.

३. साताऱ्याची वस्त्रे आणि माहुलीचे शास्त्री

छत्रपती शाहूंच्या निधनानंतर (१७४९) राज्यकारभाराचे केंद्र पुण्यास गेले. पेशवेपदाची वस्त्रे मात्र साताऱ्याहूनच येत राहिली. दरबारी अदब, मुजरे, नजराणे यांत काही उणे पडले नाही. उणे पडला तो वस्त्रे नाकारण्याचा अधिकार. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच रघुनाथरावांना साताऱ्याची वस्त्रे मिळाली. पुढे कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध आघाडी उभारली आणि एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुत्र झाला, तेव्हा मे महिन्यात त्या तान्ह्या सवाई माधवरावांसाठीही साताऱ्याहूनच वस्त्रे आली. खुनाचा आरोप ज्यांच्यावर होता ते आणि ज्याच्या पित्याचा खून झाला तो, या दोघांनाही नऊ महिन्यांच्या आत एकाच गादीची मान्यता लाभली. छत्रपतींच्या गादीला मान सर्वांनी दिला. तिचे मत कोणीही विचारले नाही. आशयावाचून उरलेल्या औपचारिक आदराचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी इतिहासात क्वचितच सापडेल.

याच साताऱ्यापासून जवळ, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरील माहुली हे रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव. त्यांच्याविषयीच्या दोन हकीकती जेम्स ग्रँट डफ याने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदविल्या आहेत. हा ग्रंथकार स्वतः साताऱ्यास रेसिडेंट होता. पहिली हकीकत थोरल्या माधवरावांची आहे. पेशवे जपतपात गुंतून कारभाराकडे दुर्लक्ष करू लागले, तेव्हा शास्त्रीबोवांनी काशीस जाण्याची अनुज्ञा मागितली. आचारधर्मच पाळावयाचा असेल तर राज्यपद सोडून आपणही चलावे, आणि राज्य करावयाचे असेल तर प्रजेचे हित हेच कर्तव्य मानावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. माधवरावांनी ते मानले आणि ते अनुष्ठान सोडले. दुसरी हकीकत अधिक प्रसिद्ध आहे. नारायणरावांच्या खुनाला देहान्त हेच प्रायश्चित्त, असे रघुनाथरावांना तोंडावर सांगून रामशास्त्री पद सोडून वाईजवळच्या एका खेड्यात निघून गेले.

या दोन हकीकतींपैकी आपण दुसरीच वारंवार सांगतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पहिली अधिक मोलाची आहे. तीत दोन्ही बाजूंनी मर्यादा पाळली गेली. शास्त्र्यांनी पेशव्यांच्या पदाचा अवमान केला नाही; अनुज्ञा मागितली, कारण सांगितले. पेशव्यांनी हाती सत्ता असूनही त्या कारणाला वाट दिली. दुसऱ्या प्रसंगी ऐकणारा पक्ष उरला नव्हता, म्हणून शास्त्र्यांना पदत्याग करावा लागला. निःस्पृह न्यायाधीशाचा पदत्याग हा त्याचा गौरव खराच. पण ज्या व्यवस्थेत सत्य सांगणाऱ्याला निघून जावे लागते, त्या व्यवस्थेचा तो पराभव असतो.

४. तराळ आणि मास्तर

दरबारातून गावगाड्याकडे वळले की या संकल्पनेची दुसरी बाजू दिसते. येथे वाट देणे हे ऐच्छिक उरत नाही. ते वतनाचा आणि जातीचा भाग होते. अभिवादनाचे शब्दही वाटून दिलेले असतात. महाराने ‘जोहार’ म्हणावयाचे, ही रूढी इतकी पक्की होती की संतवाङ्मयात जोहार हा एक रचनाप्रकारच होऊन बसला. आंबेडकरी चळवळीत ‘जोहार’ जाऊन ‘जयभीम’ आला, तेव्हा अभिवादनाचा शब्द बदलला एवढेच घडले नाही. वरखाली असलेल्या दोन माणसांमधील अभिवादन बरोबरीच्या माणसांमधील झाले.

आटपाडीचे शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) हे आत्मचरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. तराळ म्हणजे गावकामगार महार. निरोप पोचविणे, सरकारी अंमलदारांच्या दिमतीस राहणे, बेवारशी प्रेताची राखण करणे, हे सारे त्याच्याकडे. विहिरीतील प्रेत वर काढण्याची सक्ती वडिलांवर होते, तो प्रसंग खरातांनी मुलाच्या नजरेतून सांगितला आहे. हुकूम देणाऱ्याला कारण द्यावे लागत नाही. तराळकीचे काम ज्याचे, त्यानेच ते केले पाहिजे, एवढे पुरते. वडील उतरतात. मुलगा मात्र, हे आपल्याच बापाच्या वाट्याला का, असे विचारतो. ‘का’ हा प्रश्न जेथे एका पिढीला विचारता येत नव्हता आणि पुढच्या पिढीला विचारता आला, तेथे भीड मोडण्यास आरंभ झाला, असे म्हणता येईल. महारकीसारखी कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली; हा प्रश्न त्यापूर्वीच उच्चारला गेला होता.

याच माणदेशी मुलखावरील व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वेगळे चित्र उभे करते. औंध संस्थानातील धनगरवाडीवर नेमलेला मास्तर वयाने पोरसवदा आहे. सरकारी हुकूम त्याच्या हाती असला, तरी त्या हुकमाने शाळा भरत नाही. म्हातारा कारभारी पुढाकार घेतो, मुले येतात. मास्तर वाडीची कामे अंगावर घेतो आणि हळूहळू लोक आपली गाऱ्हाणी त्याच्याकडे नेऊ लागतात. एका गैरसमजाने कारभारी दुरावतो, तेव्हा हा मान किती नाजूक आहे तेही कळते. न्यायदर्शनातील आप्ताचे लक्षणच जणू येथे व्यवहारात उतरले आहे. कामाची जाण आणि सचोटी यांमुळे मास्तरला अधिकार मिळतो, आणि सचोटीविषयी शंका येताच तो काढूनही घेतला जातो. काढून घेता येतो, हेच त्याच्या खरेपणाचे गमक होय. तराळाच्या जोहाराला अशी मुभा कधीच नव्हती.

५. सत्ता सोडणारे आणि सत्ता घेणारे

याच परिसरात चौथ्या-पाचव्या दशकांत झालेले दोन राजकीय प्रयोग येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या राज्यघटनेने सत्ता प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपविली आणि ग्रामपंचायतींना कारभाराचा पाया केले. राजाने स्वतःला घालून घेतलेली ही मर्यादा होती. दुसरा प्रयोग क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचा (१९४३ ते १९४६). ब्रिटिश अंमलाला झुगारणाऱ्या या चळवळीने गावोगाव न्यायदान मंडळे उभारली आणि जमिनीचे, कर्जाचे, घरगुती तंटे गावातच मिटविले. लोकांनी ही मंडळे आपली मानली. परंतु गुंडांना आणि फितुरांना दिलेल्या शिक्षांमुळे ‘पत्री सरकार’ हे नावही लोकांच्या तोंडी बसले. जिथे अपील नाही तिथे विश्वास आणि धाक यांतील सीमा पुसट राहते, हे त्या नावातून सूचित होते.

६. समारोप

सातारच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. वर्गात वेगळे गोणपाट आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी, अशा त्या शाळकरी दिवसांविषयी त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्याच आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत इतिहासकार ग्रोट याच्या आधारे संवैधानिक नीतीची कल्पना मांडली. राज्यघटनेच्या चौकटीत काम करणाऱ्या अधिकाराची आज्ञा पाळणे आणि त्याच अधिकारावर निःसंकोच टीका करणे, या दोन सवयी एकत्र नांदल्या पाहिजेत, हे तिचे सार. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी धर्मातील भक्ती आणि राजकारणातील भक्ती यांत भेद केला आणि दुसरी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला.

हा इशारा आपण वारंवार उद्धृत करतो आणि त्याच सभेत नेत्यांसाठी खुर्च्यांचा मान ठरवितो. न्यायालयांपुरते बोलावयाचे तर ‘माय लॉर्ड’ या संबोधनाऐवजी साधी संबोधने वापरावीत, असे भारतीय वकील परिषदेने २००६ मध्ये सुचविले, तरी जुने संबोधन अद्याप ऐकू येते. संबोधन बदलल्याने न्याय सुधारतो असे नाही. साताऱ्याच्या वस्त्रांनी दाखविल्याप्रमाणे बाह्य आदर आणि खरी मान्यता या दोन वस्तू आहेत. सुधारणा होते ती कारण मागण्याची आणि कारण देण्याची सवय लागल्याने.

म्हणून परिभाषेपुरती एक सूचना करावीशी वाटते. न्यायालय जेव्हा विचारपूर्वक दुसऱ्या संस्थेच्या निर्णयाला वाट देते, तेव्हा त्यासाठी ‘आदर’ऐवजी ‘स्वमर्यादा’ हा शब्द योजावा. आणि कारण न विचारता ते मान तुकवीत असेल, तर त्याला भीड म्हणावे. शब्द वेगळे ठेवले तर दोहोंतील अंतर डोळ्यांआड होणार नाही. विहिरीच्या काठावरील मुलाने विचारलेला ‘का’ ज्या समाजात अदबीने विचारता येतो आणि अदबीने ऐकलाही जातो, त्या समाजातील मानाला काही अर्थ असतो.