प्रवाळावर पाय टेकू नका!

सेल्युलर जेल पाहण्यासाठी अंदमानला जाणारे अनेक मराठी पर्यटक एक दिवस जॉली बॉय बेटासाठी राखून ठेवतात. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या या बेटावर वस्ती नाही, मुक्कामाला परवानगी नाही आणि प्लास्टिक नेण्यावर कडक बंधने आहेत. वंडूरच्या धक्क्यावरून बोटीने जायचे, तोंडात नळी आणि डोळ्यांवर मास्क लावून पाण्याखालची रंगीत दुनिया पाहायची आणि त्याच दिवशी परत यायचे. यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात.

खाली दिसणारे रंगीत ‘दगड’ प्रत्यक्षात जिवंत असतात. प्रवाळ म्हणजे हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळाला रंग आणि बरेचसे अन्न त्यापासूनच मिळते. पाणी दीर्घकाळ नेहमीपेक्षा तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. २०१० मध्ये अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर घडले होते. प्रवाळाच्या अनेक जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे एका पावलाखाली चुरडलेला तुकडा भरून यायला कित्येक वर्षे लागतात.

पाय टेकवणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते. प्रवाळाचा सांगाडा चुनखडीचा आणि धारदार असतो. त्याने कापले तर बारीक कण जखमेत अडकतात, जंतुसंसर्ग होतो आणि जखम लवकर भरत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर अधिकच जपावे. जखम झाल्यास ती पिण्याच्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी, कण काढून टाकावेत आणि परतल्यावर डॉक्टरांना दाखवावी. बेटावर दवाखाना नाही, हे लक्षात असू द्यावे.

लाइफ जॅकेटचेही तसेच. पोहता येत असले तरी ते घालावे. थकल्यावर ते तरंगत ठेवते, त्यामुळे माणूस बुडत नाही आणि आधारासाठी प्रवाळावर उभे राहण्याची वेळही येत नाही. उन्हाचेही तेच. गार पाण्यात पाठ भाजत असल्याचे कळत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घातला तर त्वचा वाचते आणि सनस्क्रीनही कमी लागते. काही सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळाला घातक ठरू शकतात. म्हणूनच हवाईमध्ये २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे.

एक धोका मात्र पोहण्यात तरबेज असलेल्यांना अधिक असतो. खोल बुडी मारण्याआधी काही जण भराभर श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यायची ओढ प्रामुख्याने त्याच्यामुळेच लागत असल्याने ती उशिरा जाणवते. तोवर ऑक्सिजन संपत येतो आणि कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्यातच शुद्ध हरपते. म्हणून असा सराव टाळावा आणि एकट्याने कधीही पाण्यात उतरू नये. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास प्रवासाला निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मद्यपान करून पाण्यात उतरू नये.

बेटावरचे नियम अनेकांना जाचक वाटतात. पण पाय न टेकणे, जॅकेट घालणे आणि अंग झाकणे या तिन्ही गोष्टी प्रवाळाइतक्याच पर्यटकाच्याही हिताच्या आहेत.