परिपाठात पोहोचलेले संविधान

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. शाळेत त्याच्या वाट्याला आले ते नागरिकशास्त्र, तेही इतिहासाच्या जोडीने आणि थोड्या गुणांपुरते. राष्ट्रपतींचे किमान वय, लोकसभेचा कार्यकाळ, राज्यसभेची सदस्यसंख्या पाठ करून पिढ्या पुढे सरकल्या. मूलभूत हक्कावर गदा आली तर कोणालाही थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते, असे सांगणारे कलम ३२ मात्र फार थोड्यांच्या मनात रुजले.

२००५ साली दोन बाजूंनी बदल सुरू झाला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नागरिकशास्त्राची जुनी चौकट मोडली. त्यानंतर आलेल्या एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव. अकरावीच्या पुस्तकाने संविधान कसे घडले, त्यामागे कोणते वाद झाले, हे मुलांपुढे ठेवले. २०१२ मध्ये त्यातल्या एका व्यंगचित्रावरून वादळ उठले आणि दोघांनीही पद सोडले. तरी मुलांना विचार करायला लावणारी ती पुस्तके मोलाचीच होती.

दुसरा बदल नागपूरचा. जिल्हा परिषदेचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी शाळांमध्ये उद्देशिकेचे वाचन सुरू केले. एका जिल्ह्यातला हा उपक्रम पुढे राज्याचा झाला. २०१५ मध्ये केंद्राने २६ नोव्हेंबर हा संविधान दिन जाहीर केला, २०१७ पासून बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात उद्देशिका, हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वांवर सलग पाठ आले आणि २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यातल्या शाळांत परिपाठाच्या वेळी उद्देशिका वाचणे बंधनकारक झाले.

हे यश खरे आहे. वाडीवस्तीवरच्या मुलालाही आज ‘आम्ही भारताचे लोक’ तोंडपाठ असते. पण समता कळते ती पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुठे बसते यावरून, आणि स्वातंत्र्य कळते ते वर्गात शंका विचारल्यावर काय उत्तर मिळते यावरून. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. ही समिती जिथे खरोखर चालते, तिथे मुले लोकशाही डोळ्यांनी पाहतात.

म्हणून शिक्षकांना एकच विनंती: येत्या संविधान दिनी उद्देशिका वाचून झाली की एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा.