संगणकाची चाचपणी आणि तिची फसगत

एकच आज्ञावली निरनिराळ्या संगणकांवर चालवावयाची झाली म्हणजे एक जुनी अडचण उभी राहते. सर्व संगणकांची अंतर्गत व्यवस्था सारखी नसते. वेळ सूक्ष्मपणे मोजणारे एखादे फंक्शन एका यंत्रप्रणालीत तयार मिळते, दुसरीत ते मुळीच नसते. पूर्वी या गोष्टी माणसाला पाहून नोंदवाव्या लागत. १९९१ साली डेव्हिड मॅकेंझी यांनी आरंभिलेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने ते काम संगणकावरच सोपविले.

या साधनाने तयार होणारी 'कॉन्फिगर' ही आज्ञावली चार-सहा ओळींचा एक चाचणी-मजकूर लिहिते आणि तो कंपाइलरच्या, म्हणजे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या भाषांतरकाच्या, हाती देते. रूपांतर व जोडणी बिनतक्रार पार पडली तर ती सोय 'आहे' अशी नोंद होते. न पडली तर 'नाही' अशी. पद्धत चतुर आहे यात शंका नाही. तथापि चाचणी फसली तर ती कोणत्या कारणाने फसली, याची चौकशी कॉन्फिगर सहसा करीत नाही. तसेच जोडणी साधली एवढ्यावरून फंक्शन प्रत्यक्ष हजर आहे असेही सिद्ध होत नाही.

या दुसऱ्या प्रकारची फसगत २०१६ साली ॲपलच्या संगणकांवर दिसून आली. एक्सकोड या साधनसंचाची आठवी आवृत्ती मॅकच्या १०.११ या प्रणालीवर चालत असे. पण तिच्यासोबत येणारी फंक्शनांची यादी पुढच्या, म्हणजे १०.१२ या प्रणालीची होती. 'क्लॉक_गेटटाइम' हे फंक्शन १०.१२ मध्येच नव्याने आले होते. चाचणीने यादीत नाव पाहिले, जोडणी झाली, 'आहे' अशी नोंद पडली. पुढे आज्ञावली चालू होऊन त्या फंक्शनची गरज लागताच ते सापडेना आणि ती जागीच बंद पडे. घरात नसलेली वस्तू केवळ दुकानाच्या सूचीत पाहून स्वयंपाकाला बसावे, तसा हा प्रकार झाला.

उलट प्रकारची चूक अधिक फसवी असते, कारण तीत काहीच बंद पडत नाही. सी भाषेत पूर्वी फंक्शनची घोषणा न करताच ते वापरण्याची मुभा होती. १९९९ च्या प्रमाणकाने ती काढून घेतली, परंतु कंपाइलर कित्येक वर्षे केवळ इशारा देऊन काम चालू देत. २०२० मध्ये एक्सकोडच्या बाराव्या, २०२३ मध्ये क्लँगच्या सोळाव्या आणि २०२४ मध्ये जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीने मात्र अशा मजकुराला थेट नकार देण्यास आरंभ केला. कित्येक जुन्या चाचण्या याच सैल पद्धतीने लिहिलेल्या होत्या. त्या आपल्याच दोषामुळे फसू लागल्या, आणि कॉन्फिगरने निष्कर्ष काढला की संगणकात ती सोयच नाही! आज्ञावली तयार होते, चालतेही. फक्त तिचा एखादा भाग गुपचूप गळालेला असतो. खरे कारण 'कॉन्फिग.लॉग' या नोंदवहीत लिहिलेले असते, पण सारे सुरळीत दिसत असता ती उघडतो कोण?

या अज्ञानाचा लाभ कोणी हेतुपूर्वकही घेऊ शकतो. एक्सझेड ही माहिती आटोपशीर करून साठविणारी, जगभर वापरली जाणारी आज्ञावली आहे. लिनक्सवर 'लँडलॉक' या व्यवस्थेच्या साहाय्याने ती स्वतःचे अधिकार मर्यादित ठेवू शकते, म्हणजे तीत दोष निघाला तरी इतर फायलींना धोका कमी राहतो. ही व्यवस्था उपलब्ध आहे की नाही, हे पाहणाऱ्या सीमेक या दुसऱ्या साधनाच्या चाचणीत २०२४ साली एक पूर्णविरामाचा ठिपका एकट्याच ओळीवर टाकण्यात आला. त्या ठिपक्यामुळे चाचणी-मजकुराचे रूपांतर कोणत्याच संगणकावर होईना. परिणामी सीमेकने बांधलेल्या प्रत्येक प्रतीत ते संरक्षण 'उपलब्ध नाही' असे ठरे. त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेडमध्ये दडविलेला चोरदरवाजा उघडकीस आला. त्यानंतरच्या तपासणीत मूळ देखभालकर्त्याच्या दृष्टीस तो ठिपका पडला, आणि घातपाताचे कृत्य अशी नोंद करून त्याने तो काढून टाकला.