बातमीत न मावलेली मुंबई

अरुण साधूंची कादंबरी कशी घडली हे समजून घ्यायचं तर आधी बातमीदाराचा दिवस पाहावा लागतो. सकाळी मंत्र्याची पत्रकार परिषद, दुपारी संपाच्या तयारीतल्या कामगार पुढाऱ्याची भेट, संध्याकाळी आमदारांची कुजबुज. रात्री बातमी द्यायची ती मोजक्या ओळींत, आणि ज्याला दुजोरा मिळाला तेवढ्याचीच. ‘माझं नाव छापू नका’ म्हणत सांगितलेलं वहीत राहतं. कोणाचा आवाज कधी चढला, कोण कोणाकडे बघून गप्प झालं, हे तर वहीतही उतरत नाही. बातमीदाराच्या मनात मात्र ते वर्षानुवर्षं साचत जातं.

साधूंचा जन्म १९४१चा, परतवाड्याचा. इंडियन एक्स्प्रेस, टाइम्स ऑफ इंडिया, स्टेट्समन अशा इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांनी नोकरी केली. फ्री प्रेस जर्नलचे ते संपादकही होते. कादंबऱ्या मात्र मराठीत लिहिल्या. मला यातच त्यांच्या लेखनाची किल्ली दिसते. राजकारणी बोलत मराठीत, बातमी जाई इंग्रजीत. बोलण्याचा लहेजा, आर्जव, आडून दिलेली धमकी हे सगळं वाटेत गळून पडे. कादंबरीत त्याला जागा मिळाली.

‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या सत्तरच्या दशकातल्या कादंबऱ्या. मुख्यमंत्री, त्यांची खुर्ची हलवू पाहणारे अर्थमंत्री, कामगार पुढारी डिकास्टा ही माणसं वेगवेगळ्या जगांत वावरतात. या सगळ्यांच्या दारात सहज जाऊ शकणारा माणूस कोण? बातमीदार. म्हणून पत्रकार दिगू टिपणीस लागतो. त्याला बरंच कळतं, पण छापता येतं थोडंच, आणि घटना थांबवणं तर त्याच्या हातातच नसतं. सत्तेच्या इतक्या जवळ असूनही हतबल असलेला हा माणूस मराठी कादंबरीला साधूंनी दिला, असं मी ठामपणे म्हणेन. दोन्ही कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७९मध्ये ‘सिंहासन’ चित्रपट केला. त्यात दिगू झाले निळू फुले.

साधूंची हीच बातमीदाराची नजर ‘झिपऱ्या’मध्ये लोकलच्या फलाटांवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांकडे वळली. ज्यांची बातमी एरवी होतच नाही, त्यांच्यासाठी त्यांनी अख्खी कादंबरी खर्च केली.

पुढे पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचे, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूटचे, ते १९९५ ते २००१ या काळात प्रमुख होते. २००७मध्ये नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. २०१७मध्ये ते गेले.

‘सिंहासन’ हाती घ्याल तेव्हा प्रत्येक प्रसंगाशी थांबून एवढं पाहा: इथं कोणाला काय ठाऊक आहे, कोणापासून काय लपवलंय, आणि यातलं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात किती आलं असतं.